दोघं म्हणा

"दोघं म्हणा," रत्ना कुजबुजली. "शेठ, दोघं म्हणा."

कुंडलिकशेठनी हात वर करून तिला गप्प केलं. समोर टीपॉयवर फोन स्पीकरवर ठेवलेला होता. पलीकडचा माणूस सांगत होता, पोरगं खुशाल आहे, जेवलंय, फक्त पोलिसांत जायचं नाही. मग म्हणाला, "तुमचा ड्रायव्हर बी हाय हितं. लई आडवा आला, म्हणून घ्यावा लागला. त्याचं काय करायचं?"

हॉलमधले सगळे एकदम जमिनीकडे बघायला लागले.

"मी पोराचं बोलतोय," शेठ म्हणाले. "दुसरं मला काय सांगू नका."

फोन बंद झाला.

त्या सकाळी शेठच्या नातवाला, शौर्यला, शाळेत सोडायला निघालेली गाडी अडवून नेली होती. गाडी चालवत होता जयवंत, रत्नाचा नवरा. तो शेठची गाडी चालवायचा आणि ती शेठचा स्वयंपाक करायची. राजुरीत टोमॅटोचं व्यापारी घर म्हणजे हेच, आणि या घरात जयवंत-रत्नाला 'घरचीच माणसं' म्हणायची पद्धत होती. दिवाळीत सुट्टी मागितली की घरचीच. अवेळी पाव्हणे आले की घरचीच. पगार वाढवा म्हटलं की घरची माणसं कुठं असं मागतात होय? आज घरातलं माणूस पळवलं म्हणून बंगल्यात रडारड चालली होती, आणि ते रडणं एकट्या शौर्यसाठी होतं.

शौर्यचा बाप आदेश तिला समजावायला आला. माल घेताना समजवायचा त्याच आवाजात.

"रत्नाताई, तुमाला बाजार ठावं न्हाई. माल पायजे असं तोंडातून निघालं की भाव चढतो. आपण ड्रायव्हरचं नावच काढायचं न्हाई. त्यांना वाटलं पायजे, हा फुकटचा बोजा हाय. मग सोडत्यात आपोआप."

"बोजा फेकून बी देत्यात, दादा."

 यावर बोलली ती आदेशची आजी. धोंडाबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "जयवंतच सामील नसंल कशावरनं? गाडी कुठनं जाती, त्यालाच ठावं."

"आजी, तो आडवा आला म्हणून नेला. आत्ता चोर बोलला की."

"चोराचं खरं धरती व्हय?"

"तुमी तर त्याचं खरं धरून पैसं देताय."

धोंडाबाईंनी माळ जोरात ओढली. रत्ना स्वयंपाकघरात गेली आणि तिनं परातीतलं पीठ असं मळलं की परात ओट्यावर नाचायला लागली. एकदा वाटलं, टाकावं सगळं तसंच आणि घरी जावं. पण घरी जाऊन करणार काय? फोन इथंच येणार होता. म्हणून ती त्या लोकांच्या भाकरी थापत बसली, आणि कान हॉलमध्ये ठेवले. स्वतःची इतकी चीड तिला उभ्या जन्मात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शेठनी आकड्यावर घासाघीस केली. नातवाच्या जिवाचा सौदा, तरी केली, आणि वर ती जमली. आदेशनं सुटकेचा निःश्वास सोडला. आता फोन बंद होणार, तेवढ्यात रत्ना दारातून धावली.

"अवो, दोघं सोडा! ड्रायव्हरची बायको बोलतीय मी! दोघं सोडा!"

शेठनी फोनवर पंजा दाबला, पण तोवर आवाज गेला होता. 

"दोघांना सोडतोय, बाई," चोर म्हणाला. "घाटघरच्या अलीकडं. पैसं पोचलं की."

ज्या घराची चूल ती पेटवत होती, त्यातल्या एकाच्याही तोंडून जो शब्द निघाला नाही, तो एका चोरानं सहज उच्चारला. रत्ना खांबाला धरून खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

आदेश लगेच पैसे घेऊन निघाला, आणि दुपारी त्याची गाडी फाटकात शिरली. बायका औक्षणाचं ताट घेऊन धावल्या. शौर्य उतरला, कपाळावर गंध, गळ्यात हार. रत्नानं मागच्या सीटवर पाहिलं. तिथं पेढ्यांचे बॉक्स होते.

"आमचं मालक?"

"अवो, घाई झाली," आदेश म्हणाला. "पोरगं पळत आलं, आत घेतलं, निघालो. तो मागं व्हता जरा. मोकळा हाय तो. येईल एस्टीनं."

"ओझरच्या गणपतीला थांबलात."

"नवस व्हता."

"मग देवापाशी न्हाई झाली घाई?"

"ए रत्ना," शेठ पायरीवरून ओरडले, "त्याला काय झालंय? येतोय. तू आधी गोडाचं बघ. गाव लोटंल आता."

"तुमच्या गोडात माती पडो," रत्ना म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्या बायकांसमोर. आणि चपला न घालता फाटकाबाहेर पडली.

तिचा दीर रवींद्र मोटरसायकल घेऊन आला. नारायणगाव, जुन्नर, आपटाळे. साऱ्या वाटेवर ती शेठच्या खानदानाचा उद्धार करत होती, आणि रवींद्र नुसता "हां वैनी" म्हणत होता. शिव्या थांबल्या तर दुसरंच काही मनात येईल, याची तिला भीती होती.

घाटघरच्या अलीकडे, ओढ्याला लागून रस्ता अरुंद होतो, तिथं जयवंत उभा होता. उन्हात, रस्त्याच्या अगदी कडेला. एक डोळा सुजून मिटलेला, मनगटांवर दोरीचे वळ. शेजारी गावातला जानकू नावाचा म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता.

"सकाळधरनं सांगतोय, घरात चल, सावलीला बस," जानकू म्हणाला. "ऐकतच न्हाई. गाडी यायचीय म्हणतो."

जयवंतनं रत्नाला पाहिलं. "पोरगं पोचलं?"

"पोचलं."

"लई भ्यालंय ते. रातभर माझ्या मांडीवर व्हतं."

"तुमी हितं का उभं राहिलात?" रत्ना किंचाळली. "एस्टी गेल्या असतील ना?"

"गेल्या की. पण दादा न्यायला येणार आन् मी जाग्यावर न्हाई, असं कसं?" तो तिला समजावून सांगू लागला. "पोराला म्हणलं, गाडी दिसतीय, तू पळ. मला पाय टाकवंना. गाडीचं तोंड घराकडं व्हतं, दादांनी त्याला घेतलं नि निघालं. आता हितं बघ, एका अंगाला ओढा, एका अंगाला दरड. गाडी वळवायची कुठं? म्हणलं, फुडं जागा बघून वळवून येतील."

 जानकूच्या तांब्यातलं पाणी पदरावर घेऊन रत्नानं त्याचा डोळा पुसला. मग दोघांनी धरून त्याला मोटरसायकलवर बसवलं, आणि मागे ती बसली.

ओढा संपला, वळण गेलं, आणि रस्त्याकडेला सपाट माळ लागला. दोन ट्रक एका वेळी फिरतील एवढा ऐसपैस.

"रवी, थांब," जयवंत म्हणाला.

तो लंगडत उतरला. माळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, आणि उघड्या डोळ्यानं जागेचा अंदाज घेतला.

"एका फेऱ्यात वळती हितं," तो म्हणाला. "रिव्हर्स बी मारावा लागत न्हाई."

मग तो त्यांच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला.  थोड्या वेळानं रवींद्रनं इंजिन बंद केलं.