दोन भिंगांखालचं घर

आमच्या घरातलं एक भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. बाबा म्हणतात, त्यांच्या वडिलांनी नदीकाठी खड्ड्यात घर बांधलं, म्हणून पुरात त्यांची आई गेली. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या म्हणते, घर चांगलं उंचवट्यावर होतं, आबांची, म्हणजे आजोबांची, काहीएक चूक नव्हती. पूर आला तेव्हा बाबा तीन वर्षांचे आणि आत्या सहाची. असल्या आठवणींच्या भरवशावर मी साधा रस्ताही ओलांडणार नाही. पण बाबांनी तेवढ्यावर जन्मभर आजोबांशी अबोला धरला. दोघं एकाच खोलीत बसून आम्हा पोरांमार्फत एकमेकांना निरोप द्यायचे. आजोबा गेले तेही तसेच.

आता गंमत बघा, माझं कामच जुन्या हवाई फोटोंचं. विमानातून वेगवेगळ्या काळी काढलेले फोटो शेजारी ठेवायचे आणि नदी कुठून कुठे सरकली, रानं कुठे गेली, ते नकाशावर उतरवायचं. एका दुपारी टेबलावर आलेला खोका उघडला तर बाबांच्या गावचीच नदी, तेच वळण, आणि पुराच्या आदल्या वर्षीचे फोटो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले गुडघा दुखतोय, मग म्हणाले काय करायचंय उकरून. आणि दोन दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या ऑफिसच्या फाटकाशी हजर.

आत आल्यापासून त्यांचं तोंड चालू. खिडकी का बंद, चहा कोण देतं, तुझा साहेब कुठे बसतो. माझं डोकं पार उठलं. डोकं खाऊ नका, बसा गप, म्हणत मी स्टिरिओस्कोप ओढला. चार पायांवर उभी असलेली दोन भिंगं, एवढंच ते यंत्र. विमान पुढे जाता जाता लागोपाठ फोटो काढतं. त्यातले शेजारचे दोन नीट लावून भिंगांतून पाहिलं की जमीन कागदातून उठून उभी राहते. मी भराभर दोन फोटो लावले, होडीचा धक्का दाखवला आणि त्याच्या मागचं एकटं छप्पर शोधा म्हटलं.

बाबा वाकले.

"सापडलं," म्हणाले. "खड्ड्यातच आहे गं."

मला वाटलं, आता कॉलर ताठ करतील, आत्याला फोन लाव म्हणतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रडायला लागले. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बसमध्ये सारखं म्हणत होतो, मी खोटा ठरू दे, एवढं कसंबसं बोलले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवून मीच भिंगांतून पाहिलं.

नदी शेतांच्या वर, भिंतीसारखी उभी. झाडं जमिनीत विहिरींसारखी खोल गेलेली.

अगं बाई. डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे. तसं लावलं की उंच ते खोल दिसतं आणि खोल ते उंच. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हे करतात आणि मी त्यांच्यावर खेकसते. आज म्हाताऱ्याच्या बडबडीला चिडून मीच माती खाल्ली होती. फोटोंची अदलाबदल केली आणि बाबांना परत वाकायला लावलं.

"नदी खाली गेली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "घर वर आलं."

टेकाडावर घर आणि त्याच्याकडे चढत जाणारी पायवाट. मग मी त्याच्याही आधीचे, घर नवंनवं असतानाचे फोटो लावले. त्यांत नदी पार शेतांपलीकडे, घरापासून चांगली अर्ध्या तासाची चाल. पुरानंतरच्या फोटोंत टेकाडच नाही, तिथून पाणी वाहतंय. कुणी कितीही विचार करून घर बांधलं असतं तरी हे कळलं नसतं, मी सांगितलं. बाबा भिंगांना डोळे लावून तसेच बसून राहिले.

"जाताना आबांनी माझ्याकडे पाणी मागितलं होतं," ते म्हणाले. "मी तुझ्या आईला पाठवलं."

मी खुर्ची ओढली. त्यांच्याजवळ बसले.

तिथून उठून आम्ही सरळ आत्याकडे गेलो. ती पाय प्लास्टरात घालून सगळ्या घराला कामाला लावत पडली होती. बाबा तिच्या पलंगाच्या कडेला टेकले आणि आढेवेढे न घेता म्हणाले, ताई, तुझंच खरं, घर उंचावर होतं, मी डोळ्यांनी बघून आलो. मी वाट बघत होते की ही आता त्यांना किती सुनावते. आत्याच्या जिभेला हाड नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्या उशीवरून कोपरांवर उठली.

"खरंच?"

"खरंच गं. तूच तर सांगत आलीस."

"मला कुठे काय आठवतंय रे," आत्या म्हणाली. "तू आबांचा इतका राग धरलास, म्हणून तसं म्हणत आले. मलाही वाटायचं, खड्ड्यातच असणार."

तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि टेकाड केवढं होतं, वाट कुठून चढत होती, घर बांधलं तेव्हा नदी किती लांब होती, सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, नदी कुठे होती ते परत सांग. बाबांनी परत सांगितलं.