पर्याय न वाचता

पुस्तकांच्या दुकानातच आमची जुंपली. काउंटरवर दोन गठ्ठे होते. एकीकडे इंजिन, हवामान, उड्डाणशास्त्र यांची जाडजूड पुस्तकं. दुसरीकडे प्रश्नसंच, म्हणजे प्रश्न, चार पर्याय आणि शेवटी उत्तरं.

"ताई, परीक्षा तोंडावर आलीय," धाकटा म्हणाला. "हे ठोकळे वाचत बसलीस तर म्हातारी होशील. सगळी बॅच प्रश्नसंचच करते. तेच प्रश्न येतात."

खाजगी लायसन्स आम्हा दोघांकडे होतं, म्हणजे हौसेपुरतं उडायची मुभा. प्रवासी घेऊन कमवायचं तर व्यावसायिक वैमानिकाची ही परीक्षा द्यावी लागते. मी नाक मुरडलं, थोडी कुरकुरले आणि शेवटी प्रश्नसंचच उचलला. मलाही सुटका हवीच होती.

घरी आमची परीक्षक आई. चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि प्रश्न वाचायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. धाकटा तिला प्रश्न पुरा करू देईल तर शपथ!

"कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साठल्यावर गरम हवा सोडली तर..."

"क!"

मग ती पडताळा म्हणून 'क' सावकाश वाचून दाखवायची आणि मागचं पान बघून खूश व्हायची. "लायसन्स मिळालं की पहिली प्रवासी मी," हे तिचं कधीच ठरलं होतं.

लायसन्ससाठी उड्डाणाचे तासही भरावे लागतात. म्हणून आम्ही भावंडं जोडीनं उडायचो. त्या दिवशी हवा दमट होती आणि विमान तो चालवत होता. इंजिनाचे मिनिटाला पडणारे फेरे हळूहळू उतरायला लागले. दमट हवेत इंधनात हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साठतो, म्हणून धाकट्यानं गरम हवेची मूठ बाहेर ओढली. केलं ते बरोबरच. पण इंजिन सुधारायच्या ऐवजी खोकायला लागलं, अख्खं विमान थरथरलं. त्यानं घाबरून मूठ परत आत ढकलली.

"बिघडतंय गं!"

मलाही तसंच वाटलं. त्यानं पुन्हा ओढली, इंजिन पुन्हा खोकलं, त्यानं पुन्हा ढकलली. फेरे उतरतच होते. खाली नुसती झाडं, उतरायला जागा नाही. आणि भलत्या वेळी आईचा आवाज आठवला, 'क' वाचतानाचा: "फेरे आधी आणखी कमी होतात, मग हळूहळू वाढतात."

बर्फ वितळून पाणी इंजिनात जात होतं. ते खोकणारच! मी मूठ ओढली आणि त्याच्या हातासकट बाहेर धरून ठेवली.

"सोड ताई, बंद पडेल!"

"गप बस!"

इंजिन गचके खात राहिलं. आता गेलं, आता गेलं असं वाटत असताना फेरे चढायला लागले.

उतरल्यावरही त्याचं तोंड काही बंद नव्हतं. "बघितलंस? प्रश्नसंचातलंच आलं!"

मला राग यायला हवा होता. भीतीच वाटली. हा प्रश्न आदल्याच दिवशी आम्ही दोघांनी बरोबर सोडवला होता. मी तडक दुकानात जाऊन इंजिनाचं आणि हवामानाचं अशी दोन्ही जाड पुस्तकं घेतली.

घरी टेबलाशी बसल्यावर आईला सगळं सांगितलं. मग तिनं चष्मा लावला.

"आई, आज पर्याय वाचू नकोस," मी म्हणाले. "फक्त प्रश्न वाच, आणि पुरा वाच."

तिनं दुसरंच पान उघडलं. "पंखांवर बर्फ साठला आहे. विमान उतरवताना काय टाळाल?"

"ड," धाकटा म्हणाला.

"'ड' म्हणजे काय रे?"

तो पर्याय बघायला पुढे वाकला. आईनं पुस्तकावरचा हात काढला नाही. मोठ्या आशेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं."

जाड पुस्तकं माझ्या मांडीवर होती, अजून न उघडलेली. मलाही 'ड'च आठवत होतं.