माधवकाकांचं पिस्तूल

पिस्तूल नीलाच्या नावावर झालं, त्या रविवारी माधवकाकांनी तिला नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत टेबलापाशी बसवलं. "झाडायला कुणीही शिकवेल," ते म्हणाले, "साफ करायला मी शिकवतो."

नीला तीन वर्षांपूर्वी, २००६ साली, अकाउंटिंग शिकायला पुण्याहून मेलबर्नला आली, तेव्हा तिकडून येणाऱ्या पोरापोरींची नुसती रीघ लागली होती. एका घरात सात जणी राहायच्या. माधवकाका निवृत्त सर्जन, मेलबर्नच्याच पॉइंट कुक उपनगरात राहणारे. त्यांच्याकडे ती गणपतीला जेवायला म्हणून गेली आणि मग जातच राहिली. रेखाकाकू परत निघताना हातात डबा द्यायच्या. तिला पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर काकांनीच क्लबात आणलं. कॉलेजात एनसीसीमध्ये तिने रायफल चालवली होती, हे त्यांच्या लक्षात होतं.

यंदा मार्चमध्ये काकू गेल्या. पुढे काही आठवड्यांनी काका म्हणाले, "माझं पिस्तूल तूच घे." पोलिसांची परवानगी यायला जुलै उजाडला.

"आधी मॅगझिन काढ. आता स्लाइड मागे ओढ. रिकामं आहे ना?"

"आहे."

"नुसतं बघू नकोस. बोट घालून खात्री कर. आणि पुन्हा कर."

तिने केली. ब्रश नळीतून कसा फिरवायचा, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत चिंध्या कशा बदलायच्या, ते त्यांनी दाखवलं. तिने तेलाची बाटली जरा जास्तच कलती केली, तेव्हा त्यांनी हात धरला. "एक थेंब. जास्त तेलाला कचरा चिकटतो."

"काका, तुम्ही आता दुसरं कुठलं घेणार?"

"कुठलंच नाही."

"का पण?"

ते चिंध्यांची घडी घालत राहिले. "एप्रिलमध्ये एकदा हे साफ करायला म्हणून घेऊन बसलो. ब्रशला हातसुद्धा लावला नाही. किती वेळ बसलो, ठाऊक नाही. मग तुझा फोन आला. आमटीत गूळ किती घालायचा, विचारत होतीस."

नीलाला तो फोन आठवला. काकूंची आमटी जमत नव्हती, म्हणून केला होता.

"एखाद्या पेशंटने हे सांगितलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? घरात ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी बंदुकांच्या डीलरकडे नेऊन दिलं."

हातातली नळी तिने टेबलावर ठेवली. "वरुणला माहीत आहे?"

"डॉक्टरला सांगितलंय. गोळ्या चालू आहेत. वरुणला कशाला घोर?" वरुण त्यांचा मुलगा, सिडनीला ब्लॅकटाउनमध्ये असायचा.

"आत्ता सांगा. मी बसते इथे."

त्यांनी फोन काढला. "डॅड? ऑल गुड?" पलीकडचा आवाज नीलाला ऐकू आला.

"नाही रे," काका म्हणाले, आणि फोन नीलापुढे धरला. तिने फोन घेतला आणि वरुणला यायला सांगितलं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आला. ऑगस्टमध्ये काकांना घेऊन गेला. पॉइंट कुकचं घर आवरायला नीला दोन शनिवार गेली. काकूंच्या साड्यांची पेटी काकांनी तिला उघडू दिली नाही. ती तशीच गाडीत चढवली.