अश्वगंधा आणि बोंबील

बायको हिरा गेल्यापासून दामूने ना होडीला हात लावला, ना तो कुणाशी धड बोलला. शेवटी सून पूर्वीने बोईसरच्या वैद्याकडून उदासीवर अश्वगंधेचं चूर्ण आणलं. पथ्य एकच, मासळी बंद. अख्ख्या दांडी गावात बोंबील वाळत होते आणि दामू मुकाट्याने दुधी गिळत होता.

एका दुपारी त्याचं टाळकं सटकलं. "त्या वैद्यालाच भरव तुजा दुधी!" म्हणत त्याने अंगणातले दोन बोंबील ओढले आणि निखाऱ्यावर टाकले. भाजायचं काम कायम हिराचं. बोंबलांचा पार कोळसा झाला.

"बाबा बोलले! औषध लागू पडलं!" पूर्वी हरखून धावत आली आणि त्याचे डोळे बघून थबकली.

"धूर गेला डोल्यांत," दामू खेकसला. "वैद्याला फोन करू नको. नायतर रडायचंपण पथ्य सांगंल."