सात आखूड, एक लांब

घाबरू नका, आत्ता मी नुसती बोलतेय, वाजत नाहीये. मी पितळेची शिट्टी. कतारमधल्या दोह्यात, नजमा नावाच्या वस्तीतल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. लसणाच्या फोडणीचा वास अंगात इतका मुरलाय, की एके काळी मी समुद्र गाजवलाय हे कुणाला खरं वाटणार नाही.

माझा जन्म मुंबईच्या गोदीजवळचा. रत्नागिरीकडच्या जाफर सारंगाने मला विकत घेतलं. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. वाऱ्यात माणसाची हाक कुठली ऐकू जाते? म्हणून तो माझ्यातून हुकूम सोडायचा.

तेवढ्यात युरोपात एका देशाने दुसऱ्याचा घास घेतला, त्यात तिसरा पडला, चौथा पडला आणि बघता बघता जग पेटलं. भांडण त्यांचं, पण कोळसा वाहायला आमचे खलाशी! १९४२ साली भर समुद्रात आमच्या जहाजाला टॉर्पेडो लागला. जाफरने मला ओठांना लावलं. सात आखूड, एक लांब. म्हणजे हातातलं टाका आणि होड्यांकडे पळा! जाफर सगळ्यांत शेवटी उतरला. त्याने डोकी मोजली, बेचाळीस भरली, तेव्हा कुठे म्हणाला, "सगळे आयले." मी पितळेची खरी, पण तेव्हा मला रडू आलं.

इकडे गावात घासलेट मिळेना, कापड मिळेना, त्यात जहाज बुडाल्याची बातमी आली. तरी त्याच्या बायकोने, खतिजाने, त्याच्या वाटणीची भाकरी रोज थापलीच.

जाफर परतला. पोरं वेळेवर जेवायला येत नाहीत, ही खतिजाची तक्रार. त्याने मला तिच्या हाती दिलं आणि तोच सूर शिकवला. या सुरावर कुणी मागे राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. अर्थ मात्र सांगितला नाही, लबाड कुठला! तेव्हापासून ते घर जहाज बुडण्याच्या इशाऱ्यावर जेवतंय.

खतिजाने मला नातीच्या, जैतूनच्या लग्नात दिलं आणि मी दोह्याला आले. २००५ साली लढाई संपल्याला साठ वर्षं झाली. जैतूनच्या लेकीला, हनियाला, शाळेत महायुद्धातली घरची गोष्ट सांगायची होती. मैत्रिणींच्या घरी पदकं होती. ही पणजोबांबद्दल हिरमुसून म्हणाली, "अम्मी, वी हॅव नथिंग. ही वॉज ओन्ली अ खलाशी."

दादाचं, म्हणजे आजोबांचं, जहाज बुडालं होतं, एवढंच जैतूनला माहीत. मी खिळ्यावर नुसती तळमळत होते, पण कुणी फुंकल्याशिवाय मला वाचा कुठली!

जेवणाची वेळ झाली, जैतूनने मला फुंकलं. त्याच दिवशी शेजारी फजलचाचा राहायला आले होते. श्रीवर्धनचे, बंदरात टगबोटीवर कामाला. ते एका पायात चप्पल, खांद्यावर टॉवेल, असे दार ठोकत आले. "यल्ला, चला, भायेर पला! आग कुठं लागली?"

"कायी नाय चाचा, पोरांना जेवायला बोलावत्येय."

"या शिट्टीवर? अगो, जहाज संकटात असलां की वाजवतात ही!"

जैतूनने तडक गावी अब्बांना, म्हणजे जाफरच्या लेकाला, मन्सूरना, फोन लावला. ते आधी पोट धरून हसले. "तुझ्या दादानं मला बजावलेलां, आईला सांगू नको. मग मी कुणालाच नाय सांगितला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. हनिया फोनला कान लावून ऐकत होती.

"ऑल फॉर्टी-टू?" तिने विचारलं.

"सगळे," मन्सूर म्हणाले.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी शाळा भरली आणि हनियाने मला वर्गात वाजवलं. आधी पोरं खिदळली. मग तिने बेचाळीस माणसांची गोष्ट सांगितली आणि बाईंनीसुद्धा मला हातात घेऊन पाहिलं. पदक नसेना का, त्या दिवशी माझा थाट कुठल्या पदकाहून कमी नव्हता.

आता माझा गळा जरा घोगरा झालाय. एकच मागणं आहे. जेवायला हाक आली की "आलो, आलो" म्हणत टीव्हीसमोर बसून राहू नका. बोलावणारं माणूस तुमची वाट पाहत असतं. आमच्या घरी हल्ली हनियाच सगळ्यांत आधी येते. अम्मी, अब्बू, धाकटा भाऊ, फजलचाचा, सगळ्यांची डोकी मोजते. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी ही पोर ताट ओढता ओढता म्हणते, "सगळे आयले."