आत्याची उत्तरं

त्याची गेम कंपनी म्हणजे तो एकटा आणि घरातली मागची खोली. पण कंपनी भारदस्त वाटावी म्हणून प्रत्येक अभिप्रायाला ‘आम्ही आपल्या मताचा आदर करतो’ असं गुळगुळीत उत्तर जायचं. तापाने आडवा पडला तेव्हा त्याने हे काम निवृत्त शिक्षिका असलेल्या आत्याकडे सोपवलं.

चौथ्या दिवशी उठून बघतो तर काय! एकाने लिहिलं होतं, ‘फालतू गेम. बेडूक उडीच मारत नाही.’ खाली आत्याचं उत्तर होतं, ‘मारतो. तूच घाई करतोस. पाणी पी, पाठ सरळ ठेव आणि पुन्हा खेळ.’

तो तसाच आत्याकडे धावला. “आत्या, कंपनीची पार अब्रू घालवलीस!”

“पुढचं वाच.”

‘सॉरी, उडाला बेडूक,’ असं त्या माणसाने कबूल केलं होतं. त्यानंतर शेकडो लोक उगाचच तक्रारी घेऊन आले होते. सगळ्यांना आत्याची बोलणी खायची होती.

“पण यातल्या निम्म्यांनी गेम विकतच घेतलेला नाही,” तो कुरकुरला.

“सांगितलंय त्यांना,” आत्या चष्मा पुसत म्हणाली, “फुकट्यांना मी ओरडत नाही.”

संध्याकाळपर्यंत त्या सगळ्यांनी निमूटपणे गेम घेतला.