गरम कागद

राधाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणकेश्वरला निघालेल्या गाड्यासुद्धा वाटेत थांबत होत्या. ओटीवर चौरंग, चौरंगावर हार घातलेला लेझर प्रिंटर आणि मागे डोळे मिटून बसलेले घाटावरचे तेजनाथ महाराज.

"कॉम्प्युटर नाही! विजेची सोडली तर एक तार नाही!" शिष्य ओरडला. "आत्म्याला तार लागत नाही, मंडळी!"

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर सरकला तशी गर्दी हात जोडून पुढे झाली. महाराजांनी कागद कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात वाचला, "माते, त्या सुया टोचून घेऊ नकोस. मी तुझे रक्षण करीत आहे." मग तो राधाबाईंच्या हातात दिला. "गरम आहे ना? ही तुझ्या लेकाच्या अंगाची ऊब!"

राधाबाईंनी कागद गालाला लावून धरला. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसत होता.

फाटकाशी उभ्या जॅनेट टीचरला ते हसू बघवेना. तिची नजर राधाबाईंच्या पायाकडे गेली. अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं, शेजारची बोटं काळी पडली होती. असे कागद सुरू झाल्यापासून, पंधरा दिवस इन्सुलिन बंद होतं.

राधाबाईंचा विनीत तिचाच विद्यार्थी. घरच्या पुढच्या खोलीत त्याने फॉर्म भरून देण्याचं, प्रिंट काढण्याचं छोटं दुकान थाटलं होतं. तेव्हा जॅनेटने बजावलं होतं, "प्रिंटर घेण्याआधी तुझ्या कॉम्प्युटरशी तो जुळतो का बघ. दोघांची बोलणी करून देणारं सॉफ्टवेअर असतं, ड्रायव्हर म्हणतात. ते तुझ्या कॉम्प्युटरसाठी मिळतं का, आधी विचार."

"लेझर म्हणजे लेझर, टीचर!" म्हणत तो कणकवलीतल्या बंद पडलेल्या कचेरीतला प्रिंटर घेऊन आला. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मुकी बसून राहिली. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "टीचर, एकदा येवन बघा हो."

"रविवारी येतंय," ती म्हणाली. रविवारी एक लग्न निघालं. मंगळवारी नांदगावला हायवेवर विनीतची मोटरसायकल ट्रकखाली गेली.

महिन्याभराने पुतण्या देवेशने काकीच्या कागदपत्रांसाठी कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलं. दुसऱ्या दिवशी तो मुका प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि एक कागद पडला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आये, इलो बघ!' आई, मी आलो बघ, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला.

गावभर बोभाटा झाला. तिसऱ्या दिवशी महाराज हजर. 'हे यंत्र अशुद्ध' म्हणून त्यांनी तो प्रिंटर पडवीत टाकायला लावला आणि आपला सिद्ध केलेला मांडला. तेव्हापासून विनीत शुद्ध मराठीत बोलू लागला. ज्या पोराने जन्मात आईला 'माते' म्हटलं नव्हतं!

महाराजांचा ड्रायव्हर गाडीतून कधी उतरत नसे. आजही काच अर्धी खाली, हातात मोबाइल. जॅनेटने आपला मोबाइल काढला. वायफायच्या यादीत सिद्ध प्रिंटरचं नाव ठळक दिसत होतं. तिने चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. महाराज दचकले, पण गर्दीसमोर सावरून बसले. "आला! लेक पुन्हा आला!" कागद उचलून त्यांनी सुरू केलं, "काकी, इन्सुलिन घेवा. ह्यो कागद मी फाटकाकडसून माझ्या मोबायलातसून..." आणि ते तिथेच थांबले.

देवेशने कागद हिसकावला आणि उरलेलं वाचलं. "...काढलंय. मी मेलेली नाय, जिती आसय. जॅनेट."

लोक गाडीकडे धावले. ड्रायव्हरच्या मोबाइलवर पुढचा निरोप अर्धा लिहून तयार होता, 'माते, महाराजांना'. जॅनेट ओटीवर चढून म्हणाली, "लेझर प्रिंटर शाईची पूड तापवून कागदावर चिकटवतो. प्रत्येक कागद गरमच येतो. माझ्या शाळेत रोज येतो." गलक्यात महाराज गाडीत शिरले आणि धूळ उडवत गेले.

राधाबाई हलल्या नव्हत्या. "तुका काय गावला गो?" त्या जॅनेटला म्हणाल्या. "माझो झील, माझो लेक इललो. तू तेका परत धाडलंस."

जॅनेटला पहिल्या कागदाबद्दल गप्प राहता आलं असतं. पण त्याच कागदाच्या आधारावर उद्या दुसरा कोणी आला असता. तिने पडवीतला प्रिंटर आणून विनीतच्या कॉम्प्युटरला जोडला, कागद भरले. सहा कागद एकामागून एक पडले. सगळ्यांवर तेच. 'आये, इलो बघ!'

"तेनी सात वेळा बटण दाबल्यान, काकी. प्रिंटर वळखूकच येय नाय होतो, म्हणान सगळे कागद रांगेत ऱ्हवले. देवेशान इंटरनेट जोडल्यार कॉम्प्युटरान ड्रायव्हर आपणच उतरवन घेतल्यान. ट्रेत एकच कागद होतो, म्हणान एकच पडलो." तिने पडद्यावर फाइलची तारीख दाखवली. एप्रिलची, अपघाताआधीची. "इलो म्हणजे विनीत न्हय. कागद इलो."

राधाबाईंनी त्या तारखेवर बोट ठेवलं.

"म्हणजे तेका माका कागद दाखवचो होतो."

"होय."

"आनी तू येतलंय म्हणालेलंस."

"इलंय नाय, काकी."

राधाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, शिवीही दिली नाही. सहा कागद जुळवून पदराखाली धरले आणि हंबरडा फोडला. अपघाताच्या दिवशी कोरडी राहिलेली बाई त्या दिवशी रडली. जॅनेट उंबऱ्यावर बसून होती. थोड्या वेळाने तिनेच देवेशला दवाखान्यात जायला रिक्षा आणायला पाठवलं.

डॉक्टरांनी पाय वाचवला, दोन बोटं गेली.

पावसाळा सरता सरता आंबोलीकडची एक बाई राधाबाईंना शोधत आली. तिची सून बाळंतपणात गेली होती. त्यांच्या गावात एक महाराज आले होते, मेलेल्यांची पत्रं आणतात म्हणे. जाऊ का, तिने विचारलं.

राधाबाई काठी टेकत ओटीवर बसल्या. "जा," त्या म्हणाल्या. "पण तेच्या पायार पडा नुको. कागद कसो इलो, खंयसून इलो, कोणी धाडल्यान, ता इचार. माका माझो झील होयो होतो, म्हणान मी इचारूक नाय. तू इचार."